शेऱ्याचा रकाना

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजन समितीचा मला फोन आला तेव्हा सांगण्यात आलं, "तू तिकडे कॅनडात कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय करतेस ते पंधरा मिनिटांत सांग. आणि कोणाला झोप येता कामा नये." यातली दुसरी अट जास्त अवघड आहे, कारण आत्ताच आपण सगळे पुरणपोळ्या हाणून आलो आहोत.

मी सॉफ्टवेअर लिहिते. दहावीनंतर सांगलीला वालचंदमध्ये इंजिनिअरिंग केलं, २००१ साली पदवी घेतली, काही वर्षं पुण्यात काढली आणि मग ओंटारियोत गेले. इतक्या वर्षांत जे काही लिहिलं त्यातलं बहुतेक आता कोणी वापरत नाही, आणि जे वापरतात त्यात सांगण्यासारखं काही नाही. म्हणून एकच काम सांगते. एका रुग्णालयातलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज बंद व्हायचं होतं. त्याच्या पोटात साठलेली सगळी माहिती बाहेर काढून नीट लिहून ठेवायची होती. २०१८ साली आठ महिने मी ते करत होते. त्यात माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली, तीही सांगणार आहे. गणिताच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्यासमोर लपवाछपवी करायची मला सवय नाही.

आधी आपल्या शाळेच्या ऑफिसातला काळा फोन आठवा. हेडसरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर असायचा आणि तबकडीच्या एका भोकात छोटंसं कुलूप अडकवलेलं असायचं. तबकडी फिरत नाही, म्हणजे आलेला फोन घेता येतो, पण बाहेर लावता येत नाही. आपल्यातलाच एक जण, आज समोर बसला आहे, नाव घेत नाही, तो रिसीव्हर ठेवायची खुंटी टपटप दाबून त्याच फोनवरून घरी फोन लावायचा. चारसाठी चार टिचक्या, सातसाठी सात, शून्यासाठी दहा. आम्हाला ती जादू वाटायची. पुढे इंजिनिअरिंगला कळलं की तबकडीसुद्धा दुसरं काही करत नाही. ती मागे येताना तारेतला प्रवाह तितक्या वेळा तोडते, बस्स. कुलूप तबकडीला होतं, तारेला नव्हतं.

त्या टिचक्या पलीकडे एक्स्चेंजमध्ये पोचल्या की काय व्हायचं ते महत्त्वाचं आहे. जुनी एक्स्चेंज स्ट्रोजर पद्धतीची असायची. आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकन माणूस, धंद्याने अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा. त्याला या यंत्राचं पेटंट १८९१ साली मिळालं. नंबरातल्या शेवटून दुसऱ्या आकड्याच्या जितक्या टिचक्या, तितक्या पायऱ्या एक दांडा वर चढायचा आणि शेवटच्या आकड्याच्या जितक्या टिचक्या, तितकी घरं बाजूला सरकायचा. दहा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर दहा घरं, असे शंभर फोन. ४७ म्हणजे चौथी पायरी, सातवं घर. त्या घरात ज्याची तार जोडली असेल त्याचा फोन वाजायचा. म्हणजे टेलिफोन नंबर हाच यंत्रातल्या जागेचा पत्ता होता. नंबर कुठे आहे हे पाहायला वही उघडायची गरज नव्हती, यंत्राकडे बोट दाखवता येत होतं.

१९७५ साली कॅनडातल्या नॉर्दर्न इलेक्ट्रिक कंपनीने, म्हणजे पुढच्या नॉर्टेलने, एसएल-१ नावाचं एक्स्चेंज बाजारात आणलं. गावासाठी नाही, तर एखाद्या कचेरीसाठी, हॉटेलसाठी, रुग्णालयासाठी. ते पूर्ण डिजिटल होतं. त्याचंच पुढचं रूप म्हणजे मेरिडियन १, आणि मी ज्यावर काम केलं ते हे मेरिडियन. माणसाच्या उंचीची तपकिरी-राखाडी कपाटं, आत रांगेने उभी कार्डं आणि रात्रंदिवस चालणारे पंखे. या यंत्रात नंबर आणि जागा यांची फारकत झाली. जागा जागेवर राहते, पण तिथे कोणता नंबर वाजणार हे मेमरीत लिहून ठेवलेलं असतं. डॉक्टरांची खोली बदलली तर तार हलवायची नाही, नोंद बदलायची. सोय मोठी. पण त्या दिवसापासून यंत्राकडे नुसतं बघून काही कळेनासं झालं. सगळं नोंदीत गेलं.

यंत्रातल्या या जागेला टीएन म्हणतात. त्यात चार आकडे असतात: लूप, शेल्फ, कार्ड, युनिट. समजा ८, ०, ३, १२. तुम्हाला समजावं म्हणून सांगते, हे म्हणजे इमारत, मजला, वर्ग आणि बाक. साध्या फोनच्या एका कार्डावर सोळा फोन बसतात, आणि एका शेल्फात अशी सोळा कार्डं. बाक तोच राहतो, त्यावर बसणारं पोर दरवर्षी बदलतं. आमचं काम म्हणजे पूर्ण शाळा फिरून कोणत्या बाकावर कोण बसलं आहे, त्याला काय काय करायची परवानगी आहे आणि तो तिथे का बसला आहे, हे लिहिणं. यातला "का" सगळ्यात अवघड निघाला.

रुग्णालयाचं आणि गावाचं नाव सांगत नाही. ओंटारियोच्या नैर्ऋत्य भागातलं मध्यम आकाराचं गाव. एक्स्चेंज नव्वदच्या दशकात बसवलेलं. नॉर्टेलने १४ जानेवारी २००९ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षअखेरीस तिचा हा धंदा अवायाने विकत घेतला. मी पदवी घेतली त्या २००१ सालीच ती कंपनी हजारोंनी माणसं कमी करत होती, आणि त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडाच्या मुख्य शेअरनिर्देशांकातला एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा तिच्या एकटीचा होता. आता मी ब्रॅम्प्टनजवळ राहते. तिथे एके काळी तिचं मुख्यालय होतं. तिथल्या वयस्कर शेजाऱ्यांपुढे नॉर्टेलचं नाव काढलं की पेन्शनचा विषय निघतो आणि चहा गार होतो.

कंपनी गेली, यंत्र चालूच राहिलं. रुग्णालयाने ठरवलं की आता इंटरनेटवर चालणारे फोन घ्यायचे. नव्या यंत्रात घालायला जुन्याची यादी हवी. व्यवस्थापनाने एक्सेलची यादी दिली, तिच्यात सुमारे पंधराशे नंबर होते. एक्स्चेंजच्या पोटात नोंदी निघाल्या एकोणीसशेच्या आसपास. मधले चारशे कोण, हे कोणाला सांगता येईना.

आता हे मेरिडियन माहिती कशी देतं ते ऐका. त्याला पडदा नाही, माउस नाही. मागे एक केबल लावायची, लॅपटॉपवर टर्मिनल उघडायचं आणि टाइप करायचं. मेमरी महाग असलेल्या काळात जन्मलेलं यंत्र ते. त्यामुळे प्रत्येक कामाचा वेगळा छोटा प्रोग्रॅम, त्याला ओव्हरले म्हणतात, आणि प्रत्येकाला नंबर. साधे फोन लिहायला ओव्हरले १०, नोंदी छापून घ्यायला २०, फोनवर दिसणारी नावं ९५ मध्ये, आणि सगळं डिस्कवर जपून ठेवायला ४३. काम झालं की चार फुल्या टाइप करून बाहेर पडायचं. चुकलं तर यंत्र "चुकलं" म्हणत नाही, नुसती तीन अक्षरं आणि त्यापुढे आकडे फेकतं, आणि त्याचा अर्थ जाडजूड पुस्तकात शोधायचा. आपले संस्कृतचे सर असेच नुसता सूत्राचा क्रमांक सांगून गप्प बसायचे, त्यामुळे मला ते फार परकं वाटलं नाही.

ओव्हरले २० ला सांगितलं, सगळे फोन छाप. ते छापत राहिलं. एकेका फोनची पंधरा-वीस ओळींची नोंद. टीएन, नंबर, आणि मग परवानग्यांची रांग, सगळी तीन-चार अक्षरी. एक्सएफए म्हणजे आलेला फोन दुसरीकडे वळवायला परवानगी, एक्सएफडी म्हणजे मनाई. एफआरई म्हणजे या फोनवरून गावात फोन लावता येणार नाही, आतल्या आत बोला. अशी पन्नासेक अक्षरकुळं. नोंदीच्या शेवटी एक तारीख असते, त्या नोंदीला शेवटचा हात लागला तो दिवस. आणि सुरुवातीला डीईएस नावाचा एक रकाना. त्यात तंत्रज्ञाने आपल्या सोयीसाठी काहीही लिहावं, पण जास्तीत जास्त सहा अक्षरं. यंत्राला त्या रकान्याचं काही घेणं-देणं नसतं. तो फक्त माणसासाठी आहे.

मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. हजारो ओळींचा तो छापील ढीग वाचून त्याचा स्वच्छ तक्ता केला. दोन आठवड्यांत झालं, आणि मी स्वतःवर खूश. तक्त्यात डीईएसचा रकाना मी घेतला नव्हता. त्यातली अक्षरं बघून मला ती कचरा वाटली. कुठे अर्धवट आडनाव, कुठे २० वर्षांपूर्वीच्या विभागाचं नाव, कुठे नुसते दोन एक्स. चारशे अनोळखी लाइन होत्याच, त्यात आणखी गोंधळ कशाला, असा माझा हिशोब.

मग त्या चारशेंचं काय करायचं? इथे मी नियम बनवला. एक्स्चेंज दर कॉलची नोंद बाहेर पाठवतं, किती वाजता, कोणी, कुठे, किती वेळ. गेल्या तेरा महिन्यांच्या नोंदी उपलब्ध होत्या. ज्या अनोळखी लाइनवरून तेरा महिन्यांत एकही कॉल झालेला नाही ती मेलेली समजायची आणि नव्या यंत्रात घ्यायची नाही. तर्क बिनतोड वाटतो ना? बैठकीतही सगळ्यांना वाटला. चारशेपैकी दोनशेच्या वर लाइन या नियमात बसल्या. प्रत्येक लाइन नव्या यंत्रात न्यायला पैसे पडतात, त्यामुळे हिशेबवाले आनंदले. यादीवर सही व्हायची तेवढी बाकी होती.

त्या रुग्णालयात पूर्वी एक तंत्रज्ञ होते. ते निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. एक्स्चेंज बसवलं तेव्हापासून ते जवळजवळ एकट्यानेच सांभाळत आले होते. मी हट्ट करून त्यांना एक दिवस बोलावून घेतलं होतं, आणि खरं सांगते, त्यांच्याकडून फार काही मिळेल म्हणून नाही. एमडीएफच्या खोलीतली जोडणी मला समजत नव्हती, ती विचारायची होती. एमडीएफ म्हणजे इमारतीतून आलेल्या सगळ्या तारा जिथे भिंतीवर एकत्र येतात ती चौकट. तिथे पंचवीस-पंचवीस जोड्यांच्या केबल असतात आणि प्रत्येक जोडीचे रंग ठरलेले: आधी पांढरा, मग लाल, काळा, पिवळा, जांभळा, आणि यातल्या प्रत्येकाबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पाच पंचे पंचवीस. त्यांनी ते पाढ्यासारखं म्हणून दाखवलं, मी पाठ केलं. आजही झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

दुपारी कॉफी पिताना सहज त्यांना यादी दाखवली. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि सावकाश वाचू लागले, बोट ओळीवर ठेवून, आपल्या लायब्ररीतले आजोबा वाचायचे तसं. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"ही काढणार आहेस?"

"हो. तेरा महिन्यांत एकही कॉल नाही."

"नसणारच. एकही कॉल होऊ नये म्हणून तर ती आहे."

मग त्यांनी विचारलं, "डीईएसमध्ये काय लिहिलंय?" मी म्हटलं, तो रकाना मी घेतला नाही. ते काही बोलले नाहीत. मी मूळ छापील ढीग उघडला. त्या टीएनपुढे डीईएसमध्ये इंग्रजी सहा अक्षरं होती: डी, ओ, एन, टी, टी, ओ. त्यांना "डोन्ट टच" लिहायचं होतं, म्हणजे हात लावू नका. सहाच अक्षरं मावतात म्हणून शेवटची तीन गळली होती. नोंदीची तारीख १९९८ ची. त्यानंतर खरोखरच तिला कोणी हात लावला नव्हता.

आम्ही तळमजल्यावर प्रयोगशाळेत गेलो. तिथे रक्तातला प्लाझ्मा गोठवून ठेवायचा मोठा फ्रीजर. तो उणे १८ अंशांच्या खालीच राहावा लागतो. फ्रीजरच्या मागे, भिंतीला, धूळ बसलेली वहीएवढी एक करडी पेटी आणि तिच्यातून निघालेली साधी टेलिफोनची तार. तापमान चढलं की ती पेटी आपणहून फोन लावते. रात्री तिथे कोणी माणूस नसतो.

मला पहिला प्रश्न पडला, इतक्या महिन्यांत एकदाही तापमान चढलं नाही, वीज गेली नाही, कोणी चाचणीसुद्धा घेतली नाही? प्रयोगशाळेतल्या मुलीने सांगितलं, चाचणी दर तिमाहीला होते, हे बघा रजिस्टर. सह्या होत्या. म्हणजे कॉल झाले होते, पण माझ्या नोंदीत नव्हते. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मेरिडियन कॉलची नोंद ठेवतं ती बाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या कॉलची. त्यातून पैशांचा हिशोब करायचा असतो. आतल्या आत, एका एक्स्टेन्शनवरून दुसऱ्यावर झालेल्या कॉलची नोंद हवी असेल तर त्या फोनच्या परवानग्यांत आयसीडीए लिहावं लागतं. मूळ स्थिती आयसीडीडी, म्हणजे नोंद नको. त्या पेटीचा फोन जायचा रुग्णालयाच्याच ऑपरेटरकडे. आतल्या आत. माझ्या तक्त्यात आयसीडीडी हा शब्द जवळजवळ प्रत्येक ओळीत होता. मीच तो काढून रकान्यात बसवला होता, फक्त वाचला नव्हता.

म्हणजे माझा बिनतोड नियम दोन्हीकडून तुटलेला होता. ज्या लाइन आतल्या आत रोज वापरल्या जात होत्या त्याही मी मेलेल्यांत टाकल्या होत्या. आणि ज्या केवळ संकटात वाजायच्या त्या तर पहिल्या. लिफ्टमध्ये अडकल्यावर उचलायचा फोन. छतावर हेलिकॉप्टर उतरतं तिथला भिंतीवरचा फोन. औषधभांडाराच्या मागच्या दाराची घंटा. अशा सगळ्या त्या यादीत सापडल्या, सहीसाठी तयार.

मला त्या रात्री झोप लागली नाही. तुम्हाला वाटेल वाढवून सांगते आहे. पण प्लाझ्मा विरघळला असता तर तो एका वीकेंडमध्ये गेला असता आणि सोमवारी सकाळीच कळलं असतं. आणि लिफ्टचं तर कळायलाही कोणी अडकावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑपरेटरच्या खोलीत गेले. आठ महिन्यांच्या कामात तिथे जाण्याची ती माझी पहिली वेळ, आणि याची मला आजही लाज वाटते. खिडकी नसलेली छोटी खोली, तीन खुर्च्या. एक बाई तिथे वीस वर्षांहून जास्त काळ काम करत होत्या. मी विचारलं, प्रयोगशाळेच्या फ्रीजरचा फोन आला तर तुम्हाला कसं कळतं? त्यांनी ड्रॉवर उघडून एक कागद काढला, लॅमिनेट केलेला, कोपरे पिवळे पडलेले. त्यावर हाताने लिहिलेले चौदा नंबर. हा नंबर दिसला तर फ्रीजर, अमक्याला उठवा. हा दिसला तर उत्तरेची लिफ्ट, आधी बोलत राहा, मग सुरक्षारक्षकाला पाठवा. "आधी बोलत राहा" याच्याखाली दोन रेघा. आम्ही लाखभर डॉलर खर्चून जे शोधत होतो त्यातला सगळ्यात मोलाचा भाग त्या ड्रॉवरमध्ये होता. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "नवीन फोन येणार एवढंच मला ठाऊक होतं."

मी तक्ता पुन्हा पहिल्यापासून केला. या वेळी डीईएसचा रकाना सगळ्यात आधी घेतला. सहा-सहा अक्षरांची ती कोडी सोडवायला ते निवृत्त तंत्रज्ञ आणखी नऊ दिवस आले, पैसे घेऊन, आणि ते घ्यायलाच हवे होते. काही नोंदी वाचून ते स्वतःशीच हसायचे. एका लाइनपुढे कोणाच्या तरी कुत्र्याचं नाव होतं. तो फोन रखवालदाराच्या चौकीतला, चौकी पाडून दहा वर्षं झालेली.

आणि आता शाळेकडे येते. तक्त्याला मी शेवटी तीन रकाने वाढवले. ते कुठून आले हे तिकडे कोणाला सांगून कळलं नसतं. तुम्ही सगळ्यांनी शाळा सोडल्याचा दाखला घेतला आहे. जनरल रजिस्टरचा नंबर, नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, वर्तणूक, मग "शाळा सोडण्याचे कारण" आणि सगळ्यात शेवटी "शेरा". आपल्या ऑफिसातले भाऊ ते लांबलचक रजिस्टर टेबलभर पसरून भरायचे. सहावीत मला ऑफिसातून खडू आणायला पाठवलं होतं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, शेऱ्यात काय लिहायचं? ते म्हणाले, "बाकीच्या रकान्यांत जे बसत नाही आणि उद्या कोणीतरी विचारणार आहे, ते." माझ्या तक्त्यात एक रकाना झाला "कारण", दुसरा "कोणी सांगितलं", आणि तिसरा शेरा. त्यात अक्षरांची मर्यादा ठेवली नाही. व्यवस्थापक म्हणाले, "कोणी सांगितलं" कशाला, माहिती खरी असली की झालं. मी तो ठेवला. फ्रीजरच्या ओळीत तिथे दोन नावं आहेत, एक तंत्रज्ञाचं आणि एक ऑपरेटरबाईंचं.

जाता जाता एक कामाचं सांगते. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या बॅचची यादी छापायची आहे. कच्चा खर्डा मला समितीने पाठवला होता. त्यात सहा जणांपुढे फोन नाही, पत्ता नाही, आणि जागा वाचवायला ती नावं गाळावीत असं कोणीतरी सुचवलं होतं. मी समितीला नावं राहू द्या म्हणून विनंती केली आहे, पुढे कोरी जागा सोडून. एक जण आठवीत शाळा सोडून मामाकडे गेला होता, एवढं तरी मला माहीत आहे. तुमच्यापैकी कोणाला आणखी काही माहीत असेल तर जायच्या आधी बाहेरच्या टेबलावर लिहून जा, अर्धवट असलं तरी चालेल.

तर, चारशे अनोळखी लाइनचं शेवटी काय झालं? निम्म्याहून अधिक खरोखरच मेलेल्या निघाल्या. तिथे जाऊन पाहिलं तर भिंतीत नुसतं सॉकेट, काही ठिकाणी भिंतच नाही. त्या हिशेबवाल्यांना दिल्या. दीडशेच्या आसपास जिवंत होत्या, त्यांचं कारण सापडलं, शेरे लिहिले. फ्रीजर, लिफ्ट वगैरेंसाठी एक वेगळी छोटी पेटी घेतली, कारण नव्या यंत्राला असली जुनी साधी लाइन थेट कळत नाही. त्या चौदाही नंबरांची चाचणी मी स्वतः घेतली. उत्तरेच्या लिफ्टमध्ये आत उभं राहून बटण दाबलं तेव्हा पलीकडून त्याच बाईंचा आवाज आला, आणि त्या खरोखरच बोलत राहिल्या. हवापाण्याच्या गप्पा, मी चाचणी घेते आहे हे त्यांना माहीत असूनही.

मेरिडियन एका शनिवारी पहाटे बंद केलं. बंद करायच्या आधी मी ओव्हरले ४३ उघडून सगळी माहिती शेवटची एकदा डिस्कवर उतरवली. त्याची काही गरज नव्हती, पण केलं. मग एकेका शेल्फची वीज तोडली. पंखे थांबले तेव्हा खोली इतकी शांत झाली की आम्ही तिघंही उगाच हळू आवाजात बोलायला लागलो. ते तंत्रज्ञ आले होते, त्या दिवशी बिनपैशांचे. त्यांनी माझ्याकडे एक कागद मागितला, १९९८ च्या त्या नोंदीचा. मी छापील ढिगातलं मूळ पानच फाडून दिलं.

आणि अकरा लाइन उरल्या. त्यांचं काही कळलं नाही. तारा भिंतीत शिरतात आणि पुढे दिसत नाहीत. टोन सोडून पाहिला, पलीकडे काहीतरी जोडलेलं आहे एवढं कळतं. डीईएस कोरा. तंत्रज्ञाला आठवत नाही, ऑपरेटरबाईंच्या कागदावर नाहीत. त्या अकराही मी जशाच्या तशा नव्या यंत्रात नेल्या, आणि आतल्या कॉलची नोंद चालू करून ठेवली. कारणाच्या रकान्यात "माहीत नाही" असं लिहिलं, तारीख आणि माझं नाव घालून. दर वर्षी एप्रिलमध्ये तिथला हिशेबवाला मला ईमेल पाठवतो, त्या अकरा आता काढू का? गेल्या एप्रिलमध्ये त्यातल्या एका लाइनवरून पहाटे सव्वातीनला एक कॉल झाल्याची नोंद सापडली, ऑपरेटरकडे, चार सेकंदांचा. कोणी बोललं नाही. ती कुठून आली हे ते लोक अजून शोधत आहेत. मी त्याला कळवलं, अकराही राहू द्या.

माझी पंधरा मिनिटं कधीच संपली. बाई, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.